लसूणबाई आणि टेल्युरियम

लसूणबाई कंपनीच्या बसमध्ये चढल्या की त्यांच्या शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची. गंमत म्हणजे बाई लसूण खातच नसत. पिंपरीच्या औषध कारखान्यात त्या टेल्युरियम या मूलद्रव्यावर संशोधन करायच्या. त्याचा कणभर अंश अंगात गेला, तरी श्वासाला कित्येक आठवडे लसणाचा वास येतो. बाई खिडकीशी ऐसपैस बसत आणि म्हणत, "चाकणची मुलगी मी, कांद्याच्या बाजारात वाढले. वास येतोय तोवर काम चाललंय म्हणायचं."

काम असं, की शिफ बेस नावाचे पिवळेधमक स्फटिक त्या तयार करायच्या, त्यांना टेल्युरियम जोडायच्या आणि ते नवं संयुग माझ्याकडे द्यायच्या. मी जंतूंच्या विभागात. जंतू पेरलेल्या काचेच्या बशीत मी त्या संयुगात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. सकाळी चकतीभोवती जंतू वाढलेच नाहीत, स्वच्छ कडं दिसलं, की औषध लागू पडलं. "काय जंतूबाई, लेकरं मेली का?" हा त्यांचा सकाळचा नमस्कार असे.

एकदा कडं इतकं सुरेख पडलं, की मी बशी घेऊन धावतच सुटले. साहेबांनी पेढे मागवले. बाईंची डॉक्टरेट याच संयुगावर अडली होती, आणि बाईच पेढ्याला हात लावेनात. म्हणाल्या, "आधी टेल्युरियमशिवाय नुसता शिफ बेस लावून बघ."

मला रागच आला. "कशाला नसता उपद्व्याप? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हणूनच उघडायची," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नुसत्या शिफ बेसभोवतीही तेवढंच कडं होतं. म्हणजे टेल्युरियमने काहीच केलं नव्हतं. बाईंनी बशी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं. काम बंद झालं, डॉक्टरेट राहिली, बाईंची बदली गोळ्या तपासायच्या विभागात झाली.

हळूहळू वास गेला. बसमध्ये बायका त्यांच्या शेजारी बसून स्वेटरचे टाके विचारू लागल्या. बाई हसून सांगायच्या. मला मात्र ते बघवत नसे.

मग एके दिवशी बसमध्ये चढले, तर बाईंच्या शेजारची सीट रिकामी. जाऊन बसले, आणि नाकात लसूण भरला. आनंदाने मला रडूच आलं.

"साहेबांनी परवानगी दिली?"

"व्हय. शिफ्ट सुटल्यावर करा म्हणाले." खुशीत असल्या की बाई चाकणचं बोलत. "नवा शिफ बेस हाय. पण आधी नुसता लावायचा, काय?"

आधी नुसताच लावला. त्याच्याभोवती जंतू मजेत वाढले. टेल्युरियम जोडलेल्या चकतीभोवती मात्र लख्ख कडं पडलं. बाई डॉक्टर झाल्या, आणि पेढा त्यांनी तेव्हा खाल्ला.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली, की अजूनही मला वाटतं, बाईंचं काम चाललंय.