कारल्याचा रस पिऊन मिळवलेले रिपोर्ट

“बाई, तुमची शुगर ऑपरेशनमुळे वाढलेली नाही. निदान दोन-तीन महिने ती चढलेलीच आहे,” सर्जन म्हणाले. माझ्या पोटावरची जखम उघडी होती. उशाशी आमचे हे माझ्या नॉर्मल रिपोर्टांची फाइल छातीशी धरून उभे होते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही मुलुंडला राहायचो. मी बेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी. ती बाई आज समोर आली तर मी तिला वर्गाबाहेर उभी करीन.

डायबेटिस निघून चार वर्षं झाली होती. दर तीन महिन्यांनी तपासणी असायची. तिच्या आधी दोन दिवस मी भात-साखर बंद करायची आणि सकाळी नाक दाबून कारल्याचा रस प्यायची. उपाशीपोटीचं आणि जेवणानंतरचं, दोन्ही रक्त देऊन झालं की लॅबसमोरच्या दुकानात गरम जिलबी! मधल्या दिवसांत गोळी आठवली तर आठवली. रिपोर्ट झकास यायचे. आमचे हे कौतुकाने ते फाइलला तारखेप्रमाणे लावायचे.

मग एकदा पोट दुखायला लागलं. दोन दिवस मी ओवा चावून काढले, कारण घरातली डॉक्टरही मीच होते. तिसऱ्या दिवशी ताप, उलट्या, पोट फळीसारखं कडक. हॉस्पिटलात सांगितलं, परफोरेटेड अपेंडिक्स. म्हणजे अपेंडिक्स फुटून पू पोटात पसरला होता. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. साखर तीनशेच्या वर.

“पथ्य पाळता?” सर्जनांनी विचारलं.

“पाळते की!”

यांनी फाइल पुढे केली. “डॉक्टर, हिची शुगर कायम नॉर्मल असते. मी स्वतः रिपोर्ट आणतो.”

सर्जनांनी फाइल चाळली. “एवढ्या आजारात साखर अशीही चढते. नवी की जुनी, ते या एका आकड्यावरून नाही कळत.” थांबायला वेळ नव्हता. त्यांनी इन्सुलिन सुरू केलं आणि थोडं जादा रक्त काढून दादरच्या एका लॅबला पाठवलं. टेस्टचं नाव ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर साधारण किती होती ते कळतं. तेव्हा ही टेस्ट क्वचित कुठे व्हायची. रिपोर्टला पाच दिवस लागणार होते.

चौथ्या दिवशी टाक्यांतून पू आला. पाचव्या दिवशी टाके उसवले. जखमेत कोंबलेलं गॉज ओढून काढताना मी आईला हाका मारायची. आईला जाऊन दहा वर्षं झाली होती.

तेवढ्यात तो रिपोर्ट आला.

“अशा साखरेत जंतू माजतात, जखम भरत नाही,” सर्जन म्हणाले. “पोट पुन्हा उघडावं लागेल. या वेळी मी खात्री देत नाही. आता तरी खरं सांगा.”

मी सांगितलं. रस, गोळ्या, जिलबी, सगळं. यांनी फाइल मिटली. “मला तरी सांगायचंस,” एवढंच म्हणाले. पुढचे दोन दिवस डबा आणायचे, ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. दुसऱ्या ऑपरेशनला मला आत नेताना मात्र त्यांनी माझं बोट धरलं, ते दारापर्यंत सोडलं नाही.

मी वाचले. जखम भरायला सात आठवडे लागले.

त्या दिवसांत बोरिवलीहून माझी धाकटी जाऊ भेटायला आली. कुसुम. तिलाही डायबेटिस, आणि दोन दिवसांची ती विद्या तिला मीच शिकवलेली. ड्रेसिंग बघून ती पांढरीफटक पडली.

“वहिनी, तुमचे रिपोर्ट तर चांगले यायचे ना?”

“ऑपरेशनमुळे चढली गं,” मी म्हणाले.

सर्जनांसमोर कबूल केलं होतं, यांच्यासमोर केलं होतं. पण “काय डोकं आहे हो तुमचं!” असं म्हणणाऱ्या त्या पोरीसमोर माझी जीभ रेटली नाही. हे बाजूलाच होते. तेही गप्प राहिले, माझी लाज राखायला.

पुढच्या वर्षी कुसुमला चप्पल लागून पायाला फोड आला. तो चिघळला. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. जिथे पाय नव्हता तिथली चादर तिने हाताने सपाट केली.

“मी लगेच सुधारले असते असं नाही, वहिनी. पण निदान ती टेस्ट तरी केली असती.”

आज नातवंडं माझ्या पोटावरच्या वणावर बोट फिरवून विचारतात, आजी, हे काय? मी म्हणते, आगाऊपणा. फाइलवर विश्वास न ठेवणाऱ्या त्या सर्जनांमुळे मी हे लिहायला उरले, त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

तुमच्यापैकी कोणी अशीच खाटेवर असेल, तर डॉक्टरांना खरं सांगाच. पण भेटायला येणाऱ्यांनाही सांगा. लाज वाटली तरी सांगा. त्यांच्यातलं एखादं माणूस आपल्या आडून स्वतःचीच चौकशी करत असतं.