कूलरमागचा लाल डबा

न सांडणारा डबा म्हणून जो आमच्या घरी आला, त्यानं पहिल्याच दिवशी यांच्या पायजम्यावर एवढं पेट्रोल सांडलं की तो पायजमा मी पुन्हा घरात घेतलाच नाही. 'यांच्या' म्हणजे आमच्या घरधन्याच्या. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. राहतो नागपुरात, पण यांचा जीव सगळा तिकडे. तिथला फवारणीचा पंप आणि गवत कापायची मशीन दोन्ही पेट्रोलवर चालतात, आणि पेट्रोल जातं इथूनच. आधी एक पत्र्याचा डबा होता. झाकण काढा, नरसाळं लावा, ओता. तो गंजून गळायला लागला, आणि पेट्रोल पंपावरची पोरं बाटलीत पेट्रोल देईनात. तेव्हा जावयांनी हौसेनं ऑनलाईन मागवून दिला हा लाल प्लास्टिकचा डबा. सांडत नाही, वास येत नाही, लेकरांना उघडता येत नाही, म्हणे.

लेकरांचं सोडा, साठीच्या माणसाला उघडता येईना! तोटीवरची कडी फिरवायची, हिरवं बटण दाबायचं, ते दाबून धरूनच तोटी मशीनच्या तोंडावर रेटायची, मग आतली स्प्रिंग मागे सरकणार आणि पेट्रोल येणार. येणार म्हणजे काय, थेंब थेंब. हवा आत जायला वेगळी वाटच ठेवलेली नाही. म्हणून मध्येच गुळुक करून डबा हवा गिळायचा आणि पेट्रोलची चूळ अंगावर टाकायचा. हे डबा मांडीवर घेऊन घामाघूम झालेले. मला हसू आवरेना.

"याले चार हात लागते जी," मी म्हटलं. "एखाद्या देवीले बोलवा."

"तू चूप बस! ज्यानं हा बनवला न, त्यानं जिंदगीत पेट्रोल ओतलं नसंल."

हे मात्र खरं बोलले. सांडू नये म्हणून एवढी कुलपं लावली की माणूस ती तोडणारच. यांनी तोडली. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बटण बांधून टाकलं. मग पकडीनं स्प्रिंगच उपटली. मग ती तोटीच फेकून दिली आणि झाकणातून एक पारदर्शक नळी थेट बुडापर्यंत उतरवली, भोवती पुटी लावून पक्की केली. हवेसाठी मुठीजवळ एक भोक पाडलं. खिळा लाल केला माझ्या गॅसवर. डबा रिकामा होता, दोनदा धुतलेला होता, तरी मी स्वयंपाकघराच्या बाहेर जाऊन उभी राहिले. त्या भोकात स्क्रू बसवला. डबा उंचावर ठेवून नळी एकदा ओढली, की स्क्रू काढल्यावर धार, लावल्यावर बंद. नळीच्या तोंडाला बूच म्हणून चिंधी गुंडाळलेली लाकडी गुट्टी. शेजारचे लोक बघायला आले, वा वा करून गेले. यांची छाती फुगली. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण चांगलं चाललेल्या कामात बाईमाणसानं खोट काढली की घरात काय होतं ते मला माहीत आहे.

मे महिन्यात लेक बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आमच्याकडेच होती. मुलगा. मागची खोली तिला दिली, कारण मोठा कूलर त्याच खिडकीला होता. कूलरचं तोंड खोलीत, पाठ घरामागच्या बोळीत. त्या दिवसांत बाहेर डोळा उघडवत नव्हता. गच्चीवरच्या खोलीत ठेवलेला तो डबा उन्हानं असा टम्म फुगला की बूड गोल होऊन डुगडुगायला लागला. यांनी उचलला आणि नेऊन ठेवला कूलरच्या पाठीशी, दोन विटांवर. त्यात नवल काही नाही. नागपुरात मे महिन्यात जे जपायचं ते कूलरजवळ ठेवायचं. आमचा माठ तिथं, पालेभाजी तिथं, गल्लीतलं कुत्रंसुद्धा तिथंच येऊन पडतं. नळीचं टोक मातीत लोळू नये म्हणून यांनी ते कूलरच्या जाळीत अडकवलं. आणि स्क्रू ढिला ठेवला.

"त्यालेबी श्वास घेऊ दे," हे म्हणाले.

कूलर हवा देतो एवढंच आम्ही जाणत होतो. तो ती घेतो कुठून, हा विचार त्या घरात कोणाच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशीच लेक म्हणाली, "आई, मले कसला तरी वास येऊन राहिला वं. पेट्रोलसारखा."

आता माझी गोष्ट सांगते. त्या साथीच्या तापात माझं नाक गेलं ते पुरतं परत आलंच नाही. फोडणी जळली तरी मला डोळ्यांनी कळते. मी यांना बोलावलं. यांनी दाराशी उभं राहून नाक वर केलं आणि म्हणाले, "मले तर नाही येत." कसा येणार? तीस वर्षं औषधं आणि पेट्रोलात हात घालणारा माणूस! पण तेव्हा मी यांचंच खरं धरलं. बाळंतिणीचं नाक तिखट असतं, तिला नसलेले वासही येतात, असं मीच तिला सांगितलं.

ती कूलर बंद करायची, मी जाऊन चालू करायची. "काहून बंद करतं वं? लेकराच्या अंगावर घामोळ्या उठतील!" ती तोंड फिरवून पडायची. तिचं डोकं दुखायचं. बाळ त्या खोलीत किरकिर करायचं, प्यायचं नाही, आणि खोलीसमोरच्या ओसरीवर, तिथल्या भट्टीसारख्या उकाड्यात, मुकाट झोपायचं. मी म्हटलं, नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळून टाकली. माझ्या जिवाला घोर होताच. नऊ-दहा दिवसांचं लेकरू, ओंजळीत मावेल एवढं, आणि दूध तोंडात घेईना. पण ज्या पोरीच्या पोटचं ते होतं, ती काय सांगते आहे ते मी ऐकत नव्हते.

शेवटी ती बापावर कडाडली. "बाबा, तो डबा उचला तिथून! नाही तर मी उचलते, ओली बाळंतीण असली तरी."

हे चिडले. गेले बोळीत, पेचकसानं स्क्रू गच्च आवळला आणि हात झाडत आले. "घे. आता मुंगीबी आत जात नाही. झालं समाधान?"

डबा तिथंच राहिला. यांच्या बाजूनं बोलायचं तर वास खरंच कमी झाला. लेकही दोन दिवस गप्प होती. मला वाटलं, मिटलं. पण डब्याची श्वास घ्यायची जागा आता बंद झाली होती आणि ऊन तर रोज वाढत होतं. बुडापर्यंत उतरलेली नळी, वरून फुगणारी हवा. पेट्रोलला आता वर चढून नळीतूनच बाहेर पडायची वाट होती. अडवायला होती ती चिंधी गुंडाळलेली गुट्टी. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त शेगडी पेटवत होते.

लाईन गेली होती. सकाळची कामं आवरेपर्यंत घर तापलं होतं आणि कूलर बंद पडला होता. बाळाची अंघोळ झाली होती. अंघोळीनंतर बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची आमची रीत आहे. शेगडीत निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा. मी शेगडी पदरानं धरून मागच्या खोलीकडे निघाले. दारात लेक उभी. बाळ छातीशी गच्च धरलेलं, कानाचा रुमाल सुटलेला, आणि डोळे असे की मला ती माझी लेक वाटेना.

"आई, आत नको आणू."

"सरक बाजूले."

"नको आणू म्हणते न! खूप वास येऊन राहिला. खाली, जमिनीवर येऊन राहिला."

"रोजचंच आहे तुझं. निखारे विझून राहिले, सरक!"

ती सरकली नाही. माझं डोकं फिरलं. माझ्या आईनं मला दिली, तिच्या आईनं तिला दिली, आणि हिला धुरी नको! मी खांद्यानं तिला बाजूला सारायला गेले. तिनं एका हातानं शेगडीलाच धक्का दिला. शेगडी उपडी झाली. निखारे माझ्या पावलावर पडले, ओसरीच्या फरशीवर पसरले. मी किंचाळले. आणि एक निखारा घरंगळत उंबऱ्याच्या आत गेला.

भक्क झालं. मोठा आवाज नव्हता. निळी-पिवळी ज्वाळ फरशीवरून सरसरत पलंगाखालून खिडकीपर्यंत गेली आणि कूलरच्या गवतानं पेट घेतला. पलंगावरची बाळाची छोटी मच्छरदाणी एका क्षणात आक्रसून काळी झाली. मी ती बघत राहिले. लेक बाळाला घेऊन केव्हाच अंगणात पळाली होती, मला ओढून नेलं तेही तिनंच.

शेजारचं बांधकाम चालू होतं म्हणून वाचलो. मजुरांनी घमेल्यांनी रेती मारली, बोळीतला डबा बांबूनं लोटून दूर केला. तो पेटला असता तर आज हे लिहायला मी नसते. नंतर बोळीत गुट्टी सापडली, डब्यापासून हातभर लांब उडालेली. अर्ध्याहून जास्त पेट्रोल नळीतून कूलरच्या गवतात उतरलं होतं. कूलर चालू असता तर हवेबरोबर पांगलं असतं. लाईन गेली आणि त्याची वाफ जड हवेसारखी खोलीत उतरून जमिनीवर बसून राहिली. हे डबा हातात घेऊन उलटापालटा करत होते. म्हणाले, "स्क्रू तर मी पक्का लावला होता."  

लेक कोणावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारणीच्या घरी बसून तिनं सासूला फोन केला आणि आजच येते म्हणाली. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण घर सोडत नाही, लोक काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं, ते मनातच ठेवलं. पाय भाजला होता, त्यावर कोणीतरी काहीतरी लावत होतं.

संध्याकाळी जावई गाडी घेऊन आले. त्यांनीच तो डबा दिला होता, तेही बिचारे खाली मान घालून उभे. हे पुढे झाले, "बेटा, माझं ऐक..." म्हणाले.

"मी आठ दिवस सांगून राहिली होती बाबा," लेक म्हणाली. "तवा कोणी आयकलं का?"

हे मागे सरले. मी लंगडत गाडीपर्यंत गेले. म्हटलं, "एकदा दे वं त्याले माझ्याजवळ."

 मग तिनं बाळ माझ्या हातांवर ठेवलं. झोपलेलं होतं, ऊन ऊन, माझ्या मनगटाशी श्वास लागत होता. मी त्याची टाळू हुंगली, मला वास येत नाही तरी. मग मला खाली काहीतरी जाणवलं. बाळाच्या पाठीखाली, माझ्या हातांच्याही खाली, लेकीचा हात होता. तिनं तो काढला नव्हता. मी परत देईपर्यंत तिनं तो काढला नाही.