म्हशी हाकलायचं काम माझ्याकडे आहे

वाचनालयातल्या मित्रांनो, धुळ्याहून घरी न जाता थेट इथं येऊन फळ्यावर हे लावतोय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

'कॉलेज सोडलेल्याला मुलगी देत नाही' असं म्हणून उषाच्या वडिलांनी, आबांनी, मला दारातून परत पाठवलं. तेव्हाच ठरवलं होतं, यांच्या डोक्यावरून विमान उडवीन. आज धुळ्याच्या माळावर विमान शिकवणारा, परवडणारा क्लब सापडला. विमान एकच, पण सभासदच ते पुसतात, ढकलतात.

चिटणीस नाना म्हणाले, "नव्या सभासदानं धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायच्या. त्या हटेपर्यंत विमान वर घिरट्या घालतं."

मी हाकलल्या. विमान उतरलं. चालकाच्या जागेवरून उषाचा होणारा नवरा उतरला आणि मागून आबा, घिरट्यांमुळे ओकून पांढरेफटक पडलेले, टोपीनं तोंड पुसत.

मला बघताच मात्र त्यांना तरतरी आली. "बठ्ठ्या म्हशी, एकूण एक, हाकल्यात का रे? बरं काम भेटनं तुले!"

जावईबापू खदाखदा हसले.

मी तिथल्या तिथं सभासदत्वाच्या अर्जावर सही केली. येत्या रविवारी जावईबापू सासऱ्यांना पुन्हा फिरवणार आहेत.

आता तुम्हीच सांगा, म्हशी सावकाश हाकलू, की अगदी सावकाश?