उतरल्याशिवाय गॅस नाही

वाघोलीच्या सीएनजी पंपावरचा तो माणूस मला आठवड्यातून दोनदा वैताग आणायचा. गाडीतून सगळे उतरल्याशिवाय तो नळी लावायचाच नाही. मागे रिक्षावाले हॉर्न बडवत असले, तरी हा आपला नळी हातात धरून आभाळाकडे बघत ढिम्म उभा. एकदा माझा गुडघा ठणकत होता, बाहेर रणरणतं ऊन होतं. मी उतरलोच नाही.

"अहो, मी हायड्रोजनच्या टाक्या बनवतो," मी चिडून म्हणालो. "उद्या बॅटरीऐवजी त्यांच्यावर गाड्या धावतील. ह्याच्या तिप्पट दाब असतो त्यांत. मला शिकवू नका!"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग त्या टाकीत गॅस भरताना तुमी कुठं उभं ऱ्हाता?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "काँक्रीटच्या भिंतीपलीकडे. कॅमेऱ्यातून बघतो."

"मला भिंत बी न्हाई, साहेब," तो म्हणाला. "तुमाला निदान उतरता तरी येतंय."

मी उतरलो आणि लांब जाऊन उभा राहिलो. तो माझ्या गाडीवर वाकून नळी लावत होता.