अकरा चालींचा ड्रॉ

राज्याच्या संघातली माझी जागा विलासची होती.

आज पंचवटीत त्याचा दहावा झाला. आता तरी लिहून टाकतो.

विल्या आणि मी राज्यातल्या पहिल्या दहातले बुद्धिबळपटू. नोकरीही सातपूरला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला.

स्पर्धेत समोरासमोर आलो की आमचं ठरलेलं. त्याच पाठ केलेल्या अकरा चाली, ड्रॉ, हात मिळवायचा आणि मिसळ खायला पळायचं.

एकदा पंच वैतागून म्हणाले, "अहो, डाव खेळताय की टी-ब्रेक घेताय?"

विल्या हसला. "सर, दोस्तासंगं कशाला डोकं फोडायचं? बाकी लय जण हायेत की."

मग आली निवड स्पर्धेची शेवटची फेरी. संघात एकच जागा उरलेली आणि समोर विल्या. मी अर्ध्या गुणाने पुढे होतो. मला ड्रॉ पुरत होता, त्याला जिंकणं भाग होतं.

"आज खरं खेळू या," असं मी म्हणायला हवं होतं.

म्हणालो नाही. सोयीस्करपणे गप्प बसलो.

आणि गंमत बघा, पाठ केलेल्या चालींत मीच चुकलो! नववी चाल आठवीच्या जागी खेळलो. माझा घोडा फुकट मरत होता.

विल्या वीस मिनिटं पटाकडे बघत बसला.

मग त्याने आपली नेहमीचीच चाल खेळली आणि हात पुढे केला.

"ड्रॉ?"

मी तो हात धरला. चक्क धरला.

बाहेर आल्यावर विचारलं, "घोडा दिसला नाही का रे?"

"कोणता घोडा? चल, भूक लागलीय."

नसेल दिसला, अशी मी मनाची समजूत घातली. संघाचा ब्लेझर घालून फोटो टाकले. त्यावर पहिला लाइक विल्याचाच होता.

आज घाटावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला पट मांडून दाखवला. म्हणाले, हा घोडा घेतला असता तर संघात मी असतो. मी म्हटलं, मग घेतला का नाही? तर म्हणे, तो माझ्या भरवशावर न बघता खेळत होता."

खूप रडलो.

विल्या, तो डाव तुझा होता. जागाही तुझीच होती.

तुझ्या तोंडावर सांगायचं राहून गेलं रे.

नमस्कार घे माझा, दोस्ता.