पानाची उलटी बाजू

शिलाईमावशीचा नियम एकच होता. नुसतं फूल बघून नाव सांगायचं नाही. पान दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे, ते फांदीला कसं जोडलंय तेही दिसलं पाहिजे. चाळीस वर्षांच्या शिवणकामाने तिला एक शिकवलं होतं. कापड सुलट्या बाजूने फसवतं, उलट्या बाजूने खरं बोलतं.

मशीनशेजारी तिचा जाडजूड वनस्पतीकोश असे. गिऱ्हाईक माप देऊन गेलं की ती मोबाइल उघडायची आणि लोकांनी पाठवलेली अनोळखी फुलं, झुडपं ओळखत बसायची. अर्धवट फोटो आला की उत्तर ठरलेलं, पान पालथं करा. नवरा म्हणायचा, यम न्यायला आला तर त्यालाही ही आधी पालथा व्हायला सांगेल.

हा नियम तिने एकदाच मोडला, तोही घरच्या माणसासाठी. धाकटी नणंद बालवाडी चालवायची. दोन वर्षांपूर्वी तिने एका पिवळ्या फुलाचा फोटो पाठवला. रोपवाला बालवाडीच्या दारात खोळंबला होता. मावशीच्या हातात कुणाची तरी बाही होती. घंटीफूल आहे, खुशाल लाव, असं तिने कळवून टाकलं. कुंपणाला बारा रोपं लागली.

मंगळवारी सकाळी नणंदेचा दुसरा फोटो आला. एका चिमुकल्या तळहातावर हिरवं, कंगोरेदार फळ. मुलं हे घेऊन खेळतात, काय आहे गं, असं खाली लिहिलेलं.

मावशीचं मशीन थांबलं. फळामागे पान दिसत होतं. लांब, अरुंद, सुरीसारखं. घंटीफुलाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. ही पिवळी कण्हेर होती. चीक विषारी, बी त्याहून विषारी.

तिने आधी फोन केला. मुलांना आत घे, हात धुव, कुणी तोंडात घातलंय का बघ. कुणी घातलं नव्हतं. मग ती चपला घालून निघाली.

नणंद फाटकातच भेटली. शनिवारी पालकांचा मेळावा होता आणि कुंपण पिवळंधमक फुललं होतं. आज फळं तोडू, झाडं मेळाव्यानंतर काढू, असं तिचं म्हणणं.

“आणि वहिनी, घंटीफूल तूच म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. न बघता म्हणाले.”

“पालक काय म्हणतील?”

“त्यांना मी सांगते. तू कुदळ आण.”

बालवाडीत कुदळ कुठली? होती ती वाळूतली प्लास्टिकची फावडी. मावशीने चीक लागू नये म्हणून हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, पदर खोचला आणि त्यातलंच एक घेऊन पहिल्या बुंध्याशी बसली. ते फावडं दुसऱ्या घावाला मोडलं. तिने मोडका तुकडा घेऊन उकरणं चालू ठेवलं. मग नणंद शेजारच्या गॅरेजात गेली आणि पहार घेऊन आली. दुपारपर्यंत बाराही झाडं, पडलेल्या फळांसकट, पोत्यात गेली.

मुलं सुटायच्या वेळी मावशी फाटकात उभी राहिली. हात खरवडलेले, पाठ धरलेली. येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. झाड विषारी होतं, नाव मी चुकीचं सांगितलं होतं, घरी मुलाच्या खिशात फळ आहे का बघा. एका आईने मुलाचे खिसे तिथेच उलटे केले आणि त्याचा हात ओढत निघून गेली. मावशीने मान खाली घातली नाही. पुढच्या पालकाला तिने जवळ बोलावलं.