पडदेवाल्या काकू

काकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी माळ्याकडे बघायच्या. यजमानीण चहा टाकेपर्यंत त्यांचा प्रश्न आलेला असे, "वर काय गुंडाळून ठेवलंय?"

पूर्वी गावोगावच्या जत्रेत हौशी नाटकं होत. त्यांचे रंगवलेले पडदे, कुठे राजवाडा, कुठे जंगल, कुठे नदीचा घाट, पुढे कुणी शेंगा वाळवायला अंथरले, कुणी कडब्याच्या गंजीवर टाकले. काकू ते मागून आणायच्या.

सांगलीत बँकेत नोकरीला असताना मी त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. काकू पडदा शोधायच्या आणि काका तो खांद्यावर टाकून घरी आणायचे. एकदा जतकडून चाळणी झालेला एक पडदा आला. मी विचारलं, "काकू, याचं काय करणार?"

"रंगवणाऱ्यानं समुद्र कवा बघितला नसंल. पण लाटा बघ कशा काढल्यात," म्हणत त्यांनी मागून ठिगळं लावायला घेतली. पुढून ब्रश लावू द्यायच्या नाहीत. "त्याच्या रंगावर आपला रंग चढवायचा न्हाई."

घरात पाहुण्याला आडवं व्हायलाही जागा उरली नव्हती. पुण्याहून आलेला मुलगा दर वेळी म्हणायचा, "आई, टाकून दे ना हे." काकू त्याला जेवायला वाढायच्या.

त्या वर्षी कृष्णेचं पाणी अंगणात शिरलं. काका फ्रिजकडे बघत होते. काकू म्हणाल्या, "आवं, त्यो ऱ्हाऊ द्या. घाट उचला आधी." आम्ही तिघांनी जमतील तेवढे पडदे माझ्या खोलीत चढवले. बाकीचे बुडाले.

पाणी ओसरल्यावर काकूंनी शाळेचं मैदान मागून घेतलं आणि ओले पडदे, सोबत वर चढवलेलेही, तिथे उन्हात पसरले. बुडालेल्यांतले तेलरंगाचे तगले होते, इतर फिके पडले होते. घरातला चिखल काढता काढता लोक बघायला यायला लागले. घाटाच्या पडद्यापाशी एक म्हातारबाबा थबकले.

"ह्यो आमच्या गावचा. ह्याच्यापुढं मी राणी झालतो," ते म्हणाले. मग डोक्यावरचं मुंडासं काढून पदरासारखं घेतलं आणि सगळं भाषण म्हणून दाखवलं. घरंदारं बुडालेली माणसं तिथंच बसून ऐकत राहिली. मदतीला आलेला काकूंचा मुलगाही त्यांच्यात बसला होता.

त्यानंतर लोक आपणहून पडदे आणून द्यायला लागले. हळदीच्या एका व्यापाऱ्याने रिकामं गोदाम दिलं. मुलाने रजा वाढवली आणि पडदे सोडायला लोखंडी नळ्या टांगून घेतल्या. अशा रीतीने संग्रहालय उघडलं.

काका गेल्याचं कळलं तेव्हा माझी बदली फलटणला झाली होती. भेटायला गेले, तर काकू घरी नव्हत्या, गोदामात होत्या. मी हात धरला. "घर लय मोकळं झालंय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात लेकीला घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं, "मावशी, एवढं सगळं कुणाचं हो?"

"आमच्या दोघांचं व्हतं," काकू म्हणाल्या. "आता तुमचं. सावकाश बघा."